व्हर्च्युअलबॉक्स आणि बाइंड घेऊन डीएनएसचं प्रॅक्टिकल, वापरून सांगतेय: साडेतीन स्टार

मी कॉलेजात आयटीच्या लॅबला असिस्टंट आहे, मुंबईतलंच कॉलेज, नाव नाही टाकत कारण पुढे थोडी रडारड आहे आणि मला तिथे अजून नोकरी करायचीय. दरवर्षी पावसाळ्यात डीएनएसचं, म्हणजे मशीनच्या नावावरून तिचा आकडी पत्ता (आयपी) शोधून देणाऱ्या सिस्टमचं, प्रॅक्टिकल येतं, एक मशीन सर्व्हर म्हणजे उत्तर देणारी, दुसरी क्लायंट म्हणजे विचारणारी, आणि दरवर्षी सेम सीन, वीस पोरं, वीस मशीन, चार वाजेपर्यंत तिघांचं चाललेलं असतं आणि बाकीचे शेजारच्याचा स्क्रीनशॉट जर्नलला चिकटवून चहाला पळालेले. मग एक्स्टर्नल, बाहेरचा परीक्षक, येतो, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) विचारतो डीएनएस म्हणजे काय, पोरगं बोलतं नावाचा आयपी करतो, एक्स्टर्नल बोलतो बरं, सही, खल्लास.

यंदा एक दिवस पहाटेपासून असा लागला की कुर्ला-सायनला रुळांवर पाणी, गाड्या बंद, कॉलेजचा मेसेज आला येऊ नका. भांडुपला घरीच. आईने तांदूळ निवडायला दिले, ते झाल्यावर बोलले चला, हे प्रॅक्टिकल आपण एकदा स्वतः शून्यापासून करूया, जर्नल बाजूला ठेवून, आणि जिथे अडकू तिथे लिहून ठेवू. दोन दिवस गेले त्यात. नंतर तेच तीन बॅचवर चालवलं. तर हा रिव्ह्यू मुख्य व्हर्च्युअलबॉक्सचा, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत नकली कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आणि त्यात जो डीएनएस सर्व्हर चढवला त्या बाइंडचा, आणि मध्ये मध्ये व्हीएममध्ये टाकलेल्या लिनक्सच्या, म्हणजे उबुंटूच्या, नावाने थोडी बोटं मोडलीयत ती पण वाचा.

माझं मत आधीच सांगते. डीएनएस अवघड नाहीये. पोरं ज्याला "मॅम, डीएनएस चालत नाहीये" बोलतात ना, त्यातलं बरंचसं व्हीएमच्या नेटवर्क कार्डाचं लफडं असतं, बाइंड बिचारा तिकडे नीट उत्तर द्यायला तयार बसलेला असतो पण त्याच्यापर्यंत प्रश्नच पोचत नाही.

आधी पैशाचं. पैसे शून्य. व्हर्च्युअलबॉक्स २००७ पासून आहे, आधी इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीचं होतं, मग सन नावाच्या कंपनीकडे गेलं, २०१० पासून ओरॅकलकडे, मूळ सॉफ्टवेअर ओपन सोर्स. सोबत एक एक्स्टेन्शन पॅक मिळतो त्याचं लायसन्स वेगळं, घरी आणि शिकायला फुकट पण ऑफिसात चालत नाही, आणि या प्रॅक्टिकलला तो लागतच नाही, त्यामुळे दिसला की क्लिक करायचं हा आपला स्वभाव जरा आवरा. माझा लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंड हँड, ८ जीबी रॅम. लॅबमधल्या मशीनपण ८ च्याच. दोन व्हीएम चालतात का, तर चालतात, पण दोन्हीत डेस्कटॉपवाला उबुंटू टाकाल तर विंडोज रडायला लागेल. मी सर्व्हरला उबुंटू सर्व्हर २४.०४ टाकला, काळी स्क्रीन, २ जीबी, क्लायंटलापण तोच, २ जीबी. पोरांना काळी स्क्रीन बघून पहिल्यांदा टेन्शन येतं, "मॅम, माउस चालत नाही," अरे माउस नाहीचय त्यात. आणि माउस-कीबोर्ड व्हीएमच्या आत अडकला तर उजव्या बाजूचं कंट्रोल दाबायचं, हे पहिल्या पाच मिनिटांत नाही सांगितलं तर कोणीतरी थेट पॉवर बटन दाबतोच.

इन्स्टॉल करताना एक गोष्ट बघून घ्या. व्हीएमच्या खिडकीत खाली उजवीकडे छोटी चित्रं असतात, तिथे हिरवं कासव दिसलं तर समजायचं की विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही (व्हीएम चालवणारा त्याचा भाग) जागं आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या पाठीवर बसून चाललंय. चालतं, पण कासवच. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटेग्रिटी चालू असली किंवा कोणी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतलं लिनक्स) टाकलं असलं की हे होतं. लॅबमध्ये सहा मशीनवर कासव निघालं आणि ती सिक्युरिटी सेटिंग बंद करायची परवानगी मागितली तर अर्ज लिहून द्या बोलले, अर्ज दिलाय, अजून तिथेच आहे. एका पोरीकडे एम सीरीजवालं, आर्म प्रोसेसरचं मॅकबुक, त्यावर ७.१ पासून व्हर्च्युअलबॉक्स येतं पण आतमध्ये आर्मवालंच लिनक्स टाकावं लागतं, तिने यूटीएम, मॅकवरचं असंच दुसरं सॉफ्टवेअर, वापरलं आणि सगळ्यांच्या आधी मोकळी झाली.

आता खरा लोचा. नवीन व्हीएम बनवली की तिचं नेटवर्क आपोआप एनएटी असतं. इंटरनेट चालतं, पॅकेज उतरतं, सगळं मस्त. दुसरी व्हीएम बनवली, तिचंपण एनएटी. दोन्हीत आयपी बघितला तर दोन्हीचा १०.०.२.१५. पोरं वीस मिनिटं बघत बसतात, मॅम दोघांना सेम आयपी कसा. हे बिघडलेलं नाहीये, असंच बनवलंय. प्रत्येक व्हीएमला व्हर्च्युअलबॉक्स स्वतःचा वेगळा छोटा राउटर देतं, तर दोन वेगळ्या चाळीत दोन्हीकडे खोली नंबर १५ असावी तसं आहे हे, एका १५ मधून हाक मारली तर दुसऱ्या चाळीतल्या १५ मध्ये ऐकू कशी जाणार. सर्व्हर आणि क्लायंट एकमेकांना दिसतच नाहीत आणि पोरगं तिकडे झोन फाइलमध्ये (बाइंडच्या नाव-आयपीच्या यादीत) चूक शोधतंय. माझा अर्धा स्टार इथे गेला, कारण पहिल्यांदा करणाऱ्याला हे सांगणारं एक वाक्य तरी स्क्रीनवर हवं होतं.

यावर चार-पाच उपाय आहेत, मी सगळे करून बघितले. ब्रिज्ड म्हणजे व्हीएम थेट घरच्या राउटरला जोडल्यासारखी, घरी चाललं, पण राउटर बंद-चालू झाला की आयपी बदलायचा, आणि कॉलेजात तर नेटवर्क अनोळखी कार्डाला आत घेतच नाही त्यामुळे बाद. इंटर्नल नेटवर्क म्हणजे दोन व्हीएम आपापसात बोलणार, तिसऱ्याला पत्ता नाही, प्रॅक्टिकलला साफ आहे पण बाहेरच्या विंडोजमधून आत शिरता येत नाही आणि मग सगळं त्या काळ्या खिडकीत हाताने टाइप करा, कॉपी-पेस्ट नाही. मला पटलं ते होस्ट-ओन्ली. त्यात १९२.१६८.५६ चं नेटवर्क मिळतं, विंडोज स्वतः त्यात .१ असतो, आणि विंडोजच्या पॉवरशेलमधून एसएसएच करून (दुरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरून) दोन्ही व्हीएममध्ये आरामात काम करता येतं, पेस्टपण होतं, अक्षरपण मोठं करता येतं, माझ्या चष्म्याच्या नंबराला ते बरं. तर प्रत्येक व्हीएमला दोन कार्डं, पहिलं एनएटी पॅकेज उतरवायला, दुसरं होस्ट-ओन्ली एकमेकांशी बोलायला. उबुंटूत पहिलं ईएनपी०एस३ नावाने दिसतं आणि दुसरं ईएनपी०एस८. दुसऱ्याला हाताने आयपी द्यायचा, सर्व्हरला १९२.१६८.५६.१०, क्लायंटला .२०. आधी पिंग, म्हणजे एका मशीनने दुसरीला हाक मारून उत्तर येतं का बघायचं. पिंग झाल्याशिवाय बाइंडचं नाव काढायचं नाही, हा नियम मी फळ्यावर लाल मार्करने लिहिला, तरी चौघांनी मोडला.

आणि क्लोनचं ऐका. एक व्हीएम बनवून तिची क्लोन, हुबेहूब कॉपी, काढली की वेळ वाचतो, सगळे तेच करतात, मीपण केलं. मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर) नवीन बनवायचा पर्याय निवडला, तरी दोघांना डीएचसीपीकडून, आपोआप आयपी वाटणाऱ्याकडून, सेम आयपी. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ यात गेले, आई दोनदा जेवायला हाक मारून गेली. कारण हे की उबुंटू आयपी मागताना मॅक नाही, मशीन-आयडीवरून बनवलेली ओळख सांगतो, आणि क्लोनमध्ये मशीन-आयडीची फाइलपण जशीच्या तशी आलेली असते. जुळी भावंडं एकाच रेशनकार्डावर दोनदा धान्य घ्यायला गेल्यासारखं. ती फाइल रिकामी करून रीबूट केलं की नवीन आयडी बनतो. हाताने आयपी दिलात तर त्रास होत नाही पण तरी करून घ्या.

व्हर्च्युअलबॉक्सचं कौतुकपण करते, नाहीतर बोलाल बाई नुसती रडते. स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची अवस्था जशीच्या तशी जपून ठेवणं. प्रत्येक टप्प्यावर एक काढून ठेवायचा, आयपी दिल्यावर एक, बाइंड चढवल्यावर एक, मग पोरांनी काहीही मोडू दे, दोन क्लिकमध्ये मागे. आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये "केबल कनेक्टेड" अशी एक टिक असते, ती काढली की खरोखर वायर उपटल्यासारखं होतं, चालू व्हीएमवर. मी चहाच्या सुट्टीत चार जणांच्या टिक काढून ठेवल्या आणि परत आल्यावर शोधा बोलले. एकाने सरळ बाइंड काढून परत टाकला. एका मुलीने मात्र आधी पिंग केलं, मग कार्डाची लिंक बघितली आणि दोन मिनिटांत माझ्याकडे बघून हसली. तिला मी जर्नलवर सही लगेच दिली.

आता बाइंड. हा जुना माणूस आहे, १९८० च्या दशकात बर्कलीला विद्यार्थ्यांनी लिहायला घेतला, आताचा ९ नंबरचा २००० सालचा, आयएससी नावाची संस्था सांभाळते, आणि उबुंटू २४.०४ मध्ये ९.१८ येतो. डीएनएस कशाला लागला हे मी पोरांना भाषण न देता दाखवलं. आधी दोन्ही व्हीएमच्या होस्ट्स फाइलमध्ये (मशीनवरच्या नाव-आयपीच्या साध्या यादीत) एकमेकांचं नाव लिहायला लावलं, चाललं, सगळे खूश. मग बोलले आता वर्गातल्या वीसही मशीनची नावं वीसही मशीनवर लिहा, आणि उद्या एकाचा आयपी बदलला तर परत वीस ठिकाणी बदला. तोंडं उतरली. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट नेटवर्कवर १९८३ पर्यंत हेच होतं, एसआरआय नावाच्या संस्थेत एक होस्ट्स फाइल ठेवलेली आणि सगळे ती उतरवून घ्यायचे, मग पॉल मॉकापेट्रिसने डीएनएस आणलं. हे व्हायवाला सांगितलंत तर एक्स्टर्नल मान वर करून बघेल.

झोनचं, म्हणजे आपला सर्व्हर सांभाळतो त्या नावांच्या गटाचं, नाव काय ठेवायचं. आमच्या जुन्या जर्नलमध्ये डॉट लोकल आहे आणि तो एक सापळा आहे. डॉट लोकल हे २०१३ पासून मल्टिकास्ट डीएनएससाठी (सर्व्हरशिवाय आसपासच्या मशीन एकमेकींना नाव विचारतात ते) राखून ठेवलंय, उबुंटूच्या डेस्कटॉपवर असं होतं की डिग (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) मारला तर आयपी येतो आणि त्याच नावाला पिंग मारला तर नाव सापडत नाही बोलतो, कारण डिग थेट सर्व्हरला विचारतो आणि पिंग आधी मशीनमधल्या यादीप्रमाणे जातो जिथे डॉट लोकल मध्येच अडवलेलं असतं. पोरांचं डोकंच फिरतं, माझंपण फिरलेलं तीन वर्षांपूर्वी, तेव्हा कळलं नव्हतं आणि मी "असं होतं कधी कधी" बोलून वेळ मारून नेली होती, त्या बॅचची आज माफी मागते. डॉट टेस्ट वापरा, ते १९९९ पासून टेस्टिंगसाठीच राखीव आहे, खऱ्या इंटरनेटवर कोणाला मिळणारच नाही. आम्ही ठेवलं कॅन्टीन डॉट टेस्ट. सर्व्हर एनएस१, मग चहा, वडापाव, मिसळ असे रेकॉर्ड, आणि सीनेममध्ये "कटिंग" हे "चहा"चंच दुसरं नाव. सीनेम म्हणजे काय हे त्यानंतर कोणालाच समजवावं लागलं नाही.

एकाने विचारलं मॅम देवनागरीत "चहा" लिहिता येईल का. येतं की, डॉट भारत तर २०१४ पासून आहेच. फक्त झोन फाइलमध्ये ते एक्सएन डॅश डॅश करून कोडमध्ये लिहावं लागतं, आतमध्ये सगळं अजून इंग्रजी अक्षरांवरच चालतं. त्याने घरी जाऊन केलं आणि रात्री साडेअकराला स्क्रीनशॉट पाठवला.

बाइंडमध्ये मार खाल्ला तो टिंबावर. झोन फाइलमध्ये पूर्ण नाव लिहिलं की शेवटी टिंब द्यायचं असतं, नाही दिलं तर तो मागे स्वतःचं झोनचं नाव अजून एकदा जोडतो, एनएस१ डॉट कॅन्टीन डॉट टेस्ट डॉट कॅन्टीन डॉट टेस्ट. आडनाव दोनदा लागल्यासारखं. सुरुवातीला मला वाटायचं काय हा हट्टीपणा, पण तो लपवत नाही, नेम्ड-चेकझोन नावाची कमांड मारली की ते लांबलचक नाव छापून सांगतो की याचा पत्ता मला सापडत नाही, वाचणारा असेल तर टिंब लगेच कळतं. वाचत नाही हा आपला प्रॉब्लेम. कॉन्फिगसाठी नेम्ड-चेककॉन्फ वेगळी, ती सेमीकोलन विसरलात तर फाइल आणि ओळ नंबर सांगते, फक्त बऱ्याचदा ती ओळ चुकीच्या पुढची असते, कारण त्याला पुढच्या ओळीवर आल्यावर कळतं की मागे काहीतरी राहिलं. आणि काहीच चूक नसेल तर काहीच बोलत नाही, गप्प. पोरांना वाटतं चाललीच नाही.

झोन फाइलचा सिरीयल नंबर (फाइल बदलली की वाढवायचा) आपण तारखेने लिहितो, वर्ष महिना दिवस आणि मागे दोन आकडे, एकूण दहा. एकाने मागे तीन आकडे लावले, अकरा झाले, बाइंड बोलला रेंजबाहेर. बत्तीस बिटचा आकडा असतो, ४२९४९६७२९५ च्या वर जात नाही. आणि त्याच फाइलमध्ये ईमेलच्या जागी अॅटऐवजी टिंब लिहायचं हे कोणाच्याच पचनी पडत नाही, पण तसंच आहे, १९८७ च्या आरएफसीपासून (इंटरनेटच्या नियमांचा कागद), कारण अॅटला त्या फाइलमध्ये वेगळा अर्थ आहे, झोनचं स्वतःचं नाव.

उलटा झोनपण करा, म्हणजे आयपीवरून नाव. त्यात आकडे उलटे लिहायचे, ५६.१६८.१९२ आणि पुढे इन-अॅडर डॉट आर्पा. जर्नलमध्ये हे पान आहे पण कोणी करत नाही, सरळ कॉपी करतात आणि त्यात दुसऱ्याच कोणाचं नेटवर्क असतं. मी तपासताना हेच पान आधी उघडते.

क्लायंटकडे येऊ. इथे मी उबुंटूला दोन स्टारच देणार. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडली तर आत १२७.०.०.५३, म्हणजे मशीन स्वतःलाच विचारते, मध्ये सिस्टमडी-रिझॉल्व्हड नावाचा एक मध्यस्थ बसवलाय. जर्नलमधली पायरी काय, तर ही फाइल उघडा, सर्व्हरचा आयपी लिहा, सेव्ह करा. केलं, चाललं, टाळ्या. रीबूट केलं, गेलं. कारण ती फाइल खरी नाहीच, दुसरीकडे बोट दाखवणारी लिंक आहे आणि तो मध्यस्थ ती परत लिहितो. नीट करायचं तर नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये, आणि तिथे स्पेस मोजून द्यायच्या, टॅब दिला की संपलं. शिवाय पहिल्या एनएटी कार्डाला डीएचसीपीकडून वेगळा डीएनएस मिळालेला असतो, मग क्लायंट कधी त्याला विचारतो कधी तुमच्या सर्व्हरला, आणि एकदा येतं एकदा येत नाही असला भुताटकीचा प्रकार सुरू होतो. त्या कार्डाला तिथला डीएनएस घेऊ नको असं नेटप्लॅनमध्ये सांगायचं, यूज-डीएनएस फॉल्स, किंवा पॅकेज उतरवून झाल्यावर क्लायंटचं एनएटी कार्ड सरळ बंद. मी दुसरं करते, पोरांकडून चूक कमी होते. रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस मारलं की कोणतं कार्ड कोणाला विचारतंय ते दिसतं, ही कमांड मात्र चांगली दिलीय, म्हणून दोन, नाहीतर एकच दिला असता.

एका बॅचला मी अल्मालिनक्सवर (सेंटओएसच्याच धर्तीचं लिनक्स) सर्व्हर करायला लावला कारण जर्नल सेंटओएसचं आहे आणि सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला. तिथे वेगळी गंमत, बाइंड चढवल्यावर तो फक्त स्वतःच्याच मशीनला ऐकतो, १२७.०.०.१, आणि फायरवॉलपण बंद दारासारखी. तीन जागी हात लावावा लागतो, कुठल्या आयपीवर ऐकायचं, कोणाला उत्तर द्यायचं, आणि फायरवॉलमध्ये डीएनएसला परवानगी, पोर्ट ५३, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही. उबुंटूत हा त्रास नाही. पण खरं सांगू का, अल्मावाल्या बॅचला जास्त कळलं, कारण त्यांना तिन्ही वेगवेगळी तोंडं दिसली. टाइमआउट आला की प्रश्न पोचलाच नाही, कार्ड नाहीतर फायरवॉल बघा. रिफ्यूज्ड आला की पोचला पण त्याने बोलायला नकार दिला, परवानगी बघा. एनएक्सडोमेन म्हणजे तो प्रेमाने सांगतोय की असं नाव माझ्याकडे नाही, तुमचं स्पेलिंग बघा. वडापावचं स्पेलिंग वीस पोरांनी सात प्रकारे लिहिलेलं.

एनएक्सडोमेनचा एक त्रास मात्र आहे. क्लायंटने आधी "मिसळ" विचारलं, नव्हतं, मग पोराने झोनमध्ये मिसळ लिहिली, रीलोड केलं, तरी नाही. सोसायटीच्या वॉचमनला एकदा सांगितलेलं असतं की या नावाचं इथे कोणी राहत नाही, मग ते कुटुंब राहायला आलं तरी तो तासभर तेच सांगत राहतो तसं. नाहीचं उत्तरपण साठवलं जातं, किती वेळ ते एसओएच्या (झोन फाइलमधल्या पहिल्या रेकॉर्डच्या) शेवटच्या आकड्यावर ठरतं. प्रॅक्टिकलपुरता तो आकडा ६० (सेकंद) ठेवा आणि क्लायंटचा कॅश साफ करायची कमांड शिकून घ्या.

आणि सर्व्हफेल, म्हणजे सर्व्हर बोलतो मला उत्तर काढताच आलं नाही. हा मला वैयक्तिक लागला. तीन आठवडे जुना स्नॅपशॉट परत आणला, चालू अवस्थेत काढलेला, तर आतले चहा-वडापाव सगळे मिळतायत पण बाहेरचं एकही नाव नाही, सगळीकडे सर्व्हफेल. फॉरवर्डर (बाहेरची नावं बाइंड ज्यांना विचारतो ते सर्व्हर) बदलले, ८.८.८.८ चं १.१.१.१ केलं, बाइंड तीनदा रीस्टार्ट. शेवटी असंच डेट टाइप केलं तर व्हीएममध्ये अजून गेल्या महिन्यातली तारीख. बाइंड डीएनएससेकच्या, म्हणजे उत्तर खरं असल्याच्या, सह्या तपासतो आणि सहीला मुदत असते, घड्याळ मागे असलं की त्याला वाटतं ही सही तर अजून सुरूच झाली नाही, म्हणजे खोटी. मजा ही की घड्याळ आपोआप लावून घेणारी सर्व्हिस टाइम सर्व्हरचं नाव विचारते, तेपण याच सर्व्हरला, आणि तो सर्व्हफेल देतोय. हाताने तारीख लावली, सगळं चालू. काही लोक इथे व्हॅलिडेशनच (सह्यांची तपासणी) बंद करा सांगतात, नका करू, घड्याळ बघा.

कॉलेजात अजून एक, बाहेरचं पोर्ट ५३ बंद आहे. घरी डिग प्लस ट्रेस मारला की रूट सर्व्हरपासून (डीएनएसमधले सगळ्यात वरचे) सगळी वारी दिसते, ए ते एम तेरा नावं, मग डॉट इन, मग पुढचं. लॅबमध्ये नुसता टाइमआउट. त्यामुळे तिथे कॉलेजचाच डीएनएस फॉरवर्डर म्हणून द्यावा लागतो आणि ट्रेस मी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दाखवते, माझा डेटा माझे पैसे.

दुसरं काही घ्यावं का, तर व्हीएमवेअर वर्कस्टेशन नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट झालंय, स्मूथ आहे, पण डाऊनलोडला अकाउंट काढा, लॉगिन करा, वीस पोरांकडून कोण करून घेणार. बाइंडऐवजी डीएनएसमास्क छोटा आणि सोपा, घरी जाहिराती अडवायला वगैरे झकास, पण त्यात एसओए, सिरीयल, झोन ट्रान्सफर (झोनची दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी) हे फारसं हाताला लागत नाही आणि परीक्षेत तेच विचारतात. पॅकेट ट्रेसरमध्ये (नेटवर्कची नक्कल दाखवणारं सॉफ्टवेअर) डीएनएस म्हणजे एक फॉर्म भरायचा, नाव टाका आयपी टाका, त्याला मी प्रॅक्टिकल म्हणतच नाही.

तर व्हर्च्युअलबॉक्सला साडेतीन, बाइंडला साडेचार, उबुंटूच्या त्या मध्यस्थाला दोन. आमच्या लॅबच्या मशीनना किती ते नाही सांगत.

दोन्ही व्हीएम कार्डं-बिर्डं लावून, बाइंड चढवून पण झोन रिकामा ठेवून एक ओव्हीए फाइल (व्हीएमची एकत्र बांधलेली पुरचुंडी) बनवलीय, पुढच्या बॅचला तीच देणार. पेनड्राइव्ह घरून एक्सफॅट करून आणा, फाइल ४ जीबीच्या वर गेलीय आणि फॅट थर्टीटूवर ती जातच नाही, मागच्या गुरुवारी पाच जण कॉपी नव्वद टक्क्यांवर अडकलीय अडकलीय करत बसलेले आणि त्यात माझी ५:४२ ची ट्रेन गेली.